मॉडेल विमानाचा पंख आखताना: क्षेत्रफळ, कॉर्ड आणि एअरफॉइलची मापं कशी काढायची

"पंख किती लांब ठेवू?" हा पहिलं मॉडेल बांधायला घेणाऱ्याचा नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर लांबीपासून सुरू करता येत नाही. पंखाचं काम वजन उचलण्याचं आहे. म्हणून आधी वजन, वजनावरून क्षेत्रफळ, क्षेत्रफळावरून लांबी-रुंदी आणि शेवटी पंखाचा छेद, म्हणजे एअरफॉइल, असा क्रम ठेवायचा. मग प्रत्येक आकडा आधीच्या आकड्यावर उभा राहतो. आवडलेला एअरफॉइल आणि हाताशी असलेल्या बाल्साची (मॉडेलांच्या हलक्या लाकडाची) लांबी धरून पंख आखला, तर विमान पूर्ण झाल्यावर कळतं की ते हवेत राहायला इतका वेग मागतंय की नवख्या हाताला ते आवरणार नाही.

गणित शाळेच्या पातळीचं आहे. वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर, मिलिमीटरचा आलेख कागद, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणि लांब स्टीलची पट्टी एवढं पुरतं. खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे: विजेच्या मोटरवर उडणारं, पंख धडाच्या वर असलेलं साधं ट्रेनर, म्हणजे उडवायला शिकण्याचं मॉडेल. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच राहील.

काही शब्द

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंखाची जी सरळ लांबी, तो स्पॅन. पुढची कड म्हणजे लीडिंग एज, मागची कड म्हणजे ट्रेलिंग एज आणि दोन्हींमधलं अंतर म्हणजे कॉर्ड. पंख टोकाकडे निमुळता होत असेल तर धडाजवळची रूट कॉर्ड आणि टोकाची टिप कॉर्ड अशा दोन कॉर्ड मोजाव्या लागतात. स्पॅनला सरासरी कॉर्डने भागलं की ॲस्पेक्ट रेशो मिळतो. पंख किती लांबट आणि अरुंद आहे, ते हा आकडा सांगतो. एकूण वजनाला क्षेत्रफळाने भागलं की विंग लोडिंग मिळतं. मॉडेलवाले ते ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटरमध्ये मोजतात. एक चौरस डेसिमीटर म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर, किंवा १०,००० चौरस मिलिमीटर. जुने आराखडे इंचात असतात. १ चौरस डेसिमीटर म्हणजे १५.५ चौरस इंच, आणि १ औंस प्रति चौरस फूट म्हणजे साधारण ३.०५ ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर, एवढं लिहून ठेवलं की पुरे.

पायरी १: वजनाचा अंदाज

विमानात बसणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वजन करा किंवा तिच्या पाकिटावरून ते लिहून घ्या. आपल्या ट्रेनरची यादी अशी: तीन सेलची २२०० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी १८० ग्रॅम, मोटर ७०, स्पीड कंट्रोलर ३५, ९ ग्रॅमचे चार सर्वो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) ३६, रिसीव्हर १०, प्रॉपेलर आणि त्याचं सामान २५, वायरी आणि जोडण्या २०. बेरीज ३७६ ग्रॅम.

या आकाराच्या विजेवरच्या मॉडेलमध्ये सामान आणि सांगाडा यांची वजनं साधारण सारखी निघतात. म्हणून दुप्पट करा: ७५२. गोंद, रंग आणि शेपटीचं वजन नेहमी अंदाजापेक्षा जास्त भरतं, म्हणून थोडी वाढ धरून ८०० ग्रॅम लिहू. इथे स्वतःला सवलत देऊ नका. अंदाज कमी धरला तर पुढचा प्रत्येक आकडा चुकत जाईल.

पायरी २: विंग लोडिंग निवडून क्षेत्रफळ काढणं

एक ते दीड मीटर स्पॅनच्या मॉडेलसाठी ढोबळ पट्टे असे आहेत: ग्लायडर १५ ते ३०, विजेवरचं ट्रेनर २५ ते ४०, स्पोर्ट मॉडेल ४० ते ६०, लढाऊ विमानांच्या प्रतिकृती ६० ते ९० ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर. ट्रेनरसाठी मी ३२ घेतो. अगदी हलकं लोडिंग नवख्याला सोपं वाटतं, पण तसं मॉडेल थोड्या वाऱ्यातही भरकटतं. ३० च्या थोडं वर राहिलं की विमान संथही राहतं आणि वाऱ्याला तोंडही देतं.

क्षेत्रफळ = ८०० ÷ ३२ = २५ चौरस डेसिमीटर, म्हणजे ०.२५ चौरस मीटर.

हे पट्टे सगळ्या आकारांना लागू होत नाहीत, आणि नवख्यांची गफलत इथेच होते. एखादा आराखडा सव्वापट मोठा केला तर क्षेत्रफळ १.५६ पट होतं. वजन मात्र घनफळाच्या हिशेबाने जवळजवळ १.९५ पट वाढतं. म्हणजे लोडिंग सव्वापट होतं, तरी विमानाचा स्वभाव जवळपास तोच राहतो. वेगवेगळ्या आकारांची मॉडेलं ताडून पाहायची असतील तर घनीय लोडिंग काढा: किलोग्रॅममधलं वजन भागिले चौरस मीटरमधल्या क्षेत्रफळाचा दीडवा घात. ०.२५ चा दीडवा घात म्हणजे ०.२५ गुणिले त्याचं वर्गमूळ ०.५, म्हणजे ०.१२५. ०.८ ÷ ०.१२५ = ६.४. ग्लायडर ४ च्या आसपास, ट्रेनर ६ च्या, स्पोर्ट मॉडेल ९ च्या आणि लढाऊ प्रतिकृती १२ च्या पुढे, असा सर्वसाधारण अनुभव आहे. आपला ६.४ ट्रेनरच्या घरात बसतो.

पायरी ३: स्टॉलचा वेग तपासा

हा आकडा काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्या वेगाखाली पंखाला विमानाचं वजन पेलत नाही, तो स्टॉलचा वेग. सूत्र असं:

वेग = √(२ × वजन ÷ (हवेची घनता × क्षेत्रफळ × कमाल लिफ्ट गुणांक))

वजन न्यूटनमध्ये: ०.८ × ९.८१ = ७.८५. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअसला हवेची घनता १.२२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर असते. कमाल लिफ्ट गुणांक म्हणजे पंख जास्तीत जास्त किती वजन पेलू शकतो ते सांगणारा आकडा; साध्या बांधणीच्या मॉडेल पंखाला तो १.१ धरा. मग १५.७ ÷ (१.२२५ × ०.२५ × १.१) = ४६.६, आणि त्याचं वर्गमूळ ६.८ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी साधारण २५ किलोमीटर. हाताने फेकून सोडायला आणि गवतावर उतरवायला हा वेग चांगला आहे.

हेच गृहीत आकडे ठेवले तर सूत्र फार लहान होतं: स्टॉलचा वेग = १.२ × √लोडिंग. लोडिंग २५ असेल तर ६ मीटर प्रति सेकंद, ३६ असेल तर ७.२, ६४ असेल तर ९.६. पाठ करण्यासारखं आहे. मॉडेल ठरवल्यापेक्षा जड झालं तर काय होईल हेही यावरून लगेच कळतं: ८०० चे १००० ग्रॅम झाले तर लोडिंग ४० आणि स्टॉलचा वेग ७.६. उंच ठिकाणी हवा विरळ असते. १५०० मीटरवर घनता सुमारे १.०६ असते आणि स्टॉलचा वेग साडेसात टक्क्यांनी वाढतो. तिथे उडवणार असाल तर आताच क्षेत्रफळ थोडं वाढवा.

पायरी ४: स्पॅन आणि कॉर्ड

स्पॅन = √(ॲस्पेक्ट रेशो × क्षेत्रफळ)

ट्रेनरला ५.५ ते ७ ॲस्पेक्ट रेशो योग्य. ग्लायडरला १० ते १५ आणि त्याहून जास्तही चालतो, पण लांब अरुंद पंखाला मजबूत स्पार, म्हणजे लांबीभर जाणारा कणा, लागतो आणि असा पंख कलंडायला वेळ घेतो. आपण ६.२५ घेऊ. √(६.२५ × ०.२५) = १.२५ मीटर. कॉर्ड = ०.२५ ÷ १.२५ = ०.२० मीटर. म्हणजे १२५० मिलिमीटर स्पॅन, २०० मिलिमीटर कॉर्ड, सरळ आयताकृती पंख. पहिल्या मॉडेलला आयताकृती पंखच घ्या, असा माझा आग्रह आहे. सगळ्या रिब, म्हणजे पंखाला छेदाचा आकार देणाऱ्या पातळ फळ्या, एकाच मापाच्या होतात, आणि असा पंख स्टॉल होताना आधी धडाजवळ हार मानतो. त्यामुळे विमान एका बाजूला न कोसळता नाक खाली टाकतं आणि सावरायला वेळ मिळतो.

इतर आकारांचं क्षेत्रफळ

निमुळत्या पंखाचा प्रत्येक अर्धा भाग समलंब चौकोन असतो. रूट कॉर्ड २४०, टिप कॉर्ड १६० आणि अर्धा स्पॅन ६२५ असेल तर (२४० + १६०) ÷ २ × ६२५ = १,२५,०००. दोन्ही बाजू मिळून २,५०,००० चौरस मिलिमीटर, पुन्हा २५ चौरस डेसिमीटर. पंखाचा मधला भाग सरळ आणि टोकाकडचा निमुळता असेल तर तुकडे पाडा, प्रत्येकाचं वेगळं काढा आणि बेरीज करा. लंबवर्तुळाकार पंखाचं क्षेत्रफळ ०.७८५४ × स्पॅन × रूट कॉर्ड. १२५० स्पॅनला २५५ ची रूट कॉर्ड घेतली की तेही २५ चौरस डेसिमीटर होतं.

टोकं गोलसर असतील किंवा कड वळणावळणाची असेल तर सूत्र शोधत बसू नका. पंखाचा आकार जाड पुठ्ठ्यावर उतरवून कापा आणि वजन करा. त्याच पुठ्ठ्याचा १०० × १०० मिलिमीटरचा चौकोन कापून त्याचंही वजन करा. पहिल्या वजनाला दुसऱ्याने भागलं की क्षेत्रफळ थेट चौरस डेसिमीटरमध्ये मिळतं. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा असेल तर हे उत्तर आपल्या कामाला पुरेसं अचूक येतं.

धडाने झाकलेला पंखाचा मधला भाग क्षेत्रफळात धरायचा, हा रिवाज आहे, आणि वरचे पट्टेही त्याच हिशेबाने दिले आहेत. पंख व्ही आकारात वर उचललेले असतील तर क्षेत्रफळ थोडं कमी मोजावं लागतं, पण प्रत्येक बाजूला ५ अंश उचल असली तरी फरक ०.४ टक्के पडतो. तो सोडून द्या. स्पर्धेची मॉडेलं मात्र वेगळी मोजतात. आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघाच्या, म्हणजे एफएआयच्या, मुक्त उड्डाणाच्या नियमांत पंखाबरोबर आडव्या शेपटीचंही क्षेत्रफळ धरतात. एफ१ए वर्गाच्या ग्लायडरला हे एकूण क्षेत्रफळ ३२ ते ३४ चौरस डेसिमीटर ठेवावं लागतं आणि वजन ४१० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही.

पायरी ५: सरासरी कॉर्ड आणि गुरुत्वमध्य

आयताकृती पंखात हे सोपं आहे. पहिल्या उड्डाणाला गुरुत्वमध्य लीडिंग एजपासून कॉर्डच्या २५ टक्क्यांवर, म्हणजे ५० मिलिमीटरवर ठेवा. निमुळत्या पंखात मात्र "कुठल्या कॉर्डच्या २५ टक्के?" हा प्रश्न येतो. त्यासाठी वायुगतिकीय सरासरी कॉर्ड काढतात:

सरासरी कॉर्ड = ⅔ × रूट × (१ + ट + ट²) ÷ (१ + ट), इथे ट म्हणजे टिप भागिले रूट.

आपल्या निमुळत्या पंखात ट = ०.६६७. उत्तर येतं २०२.७ मिलिमीटर. ही कॉर्ड मध्यरेषेपासून स्पॅन ÷ ६ × (१ + २ट) ÷ (१ + ट), म्हणजे २९२ मिलिमीटरवर येते. लीडिंग एज टोकापर्यंत ४० मिलिमीटर मागे सरकत असेल तर २९२ वर ती १८.७ मागे असेल. त्यात २०२.७ चे २५ टक्के, ५०.७, मिळवा. गुरुत्वमध्य मध्यरेषेवरच्या लीडिंग एजपासून ६९.४ मिलिमीटरवर आला.

आकडेमोड नको असेल तर कागदावर काढा. पंखाच्या अर्ध्या भागात रूट कॉर्डच्या मागे टिप कॉर्डची लांबी वाढवा, टिप कॉर्डच्या पुढे रूट कॉर्डची लांबी वाढवा आणि ती दोन टोकं जोडा. ही तिरपी रेषा दोन्ही कॉर्डचे मध्य जोडणाऱ्या रेषेला जिथे छेदते, तिथे सरासरी कॉर्ड असते. मी दोन्ही रीतींनी काढून ताडून पाहतो. दहा मिनिटांचं काम आहे आणि विमान वाचतं.

शेपटीचा आकार इथेच उरकून टाका. आडव्या शेपटीचं क्षेत्रफळ = ०.५ × पंखाचं क्षेत्रफळ × सरासरी कॉर्ड ÷ शेपटीचं अंतर. पंखाच्या पाव कॉर्डपासून शेपटीच्या पाव कॉर्डपर्यंत ५० सेंटिमीटर असतील तर ०.५ × २५ × २० ÷ ५० = ५ चौरस डेसिमीटर. ट्रेनरला ०.५ च्या जागी ०.६ घेतलं तरी बिघडत नाही.

पायरी ६: एअरफॉइल निवडताना

खऱ्या विमानाचा एअरफॉइल तसाच्या तसा मॉडेलवर घ्यावा असं वाटणं साहजिक आहे. पण हवा लहान पंखाशी वेगळी वागते. ते मोजायला रेनॉल्ड्स संख्या वापरतात: ७०,००० × वेग मीटर प्रति सेकंदात × कॉर्ड मीटरमध्ये. आपलं ट्रेनर १२ मीटर प्रति सेकंदाने उडत असेल तर ७०,००० × १२ × ०.२ = १,६८,०००. चार आसनी सेस्ना १७२ ची हीच संख्या साठ लाखांच्या आसपास जाते. लाखाच्या खाली गेलं की जाड पंखावरून हवा लवकर सुटते, ओढ वाढते आणि लिफ्ट घटते. साठ मिलिमीटर कॉर्डचा हाताने फेकायचा छोटा ग्लायडर ६ मीटर प्रति सेकंदाने जातो तेव्हा ही संख्या फक्त २५,००० असते. तिथे १२ टक्के जाडीचा सुबक एअरफॉइल बाल्साच्या पातळ बाकदार फळीपुढे हरतो.

आपल्या ट्रेनरसाठी क्लार्क वाय घ्या. व्हर्जिनियस क्लार्क यांनी तो १९२२ मध्ये आखला आणि १९२७ मध्ये लिंडबर्ग यांनी एकट्याने अटलांटिक ओलांडला त्या विमानालाही तोच होता. मॉडेलवाल्यांना तो आवडायचं कारण अगदी व्यावहारिक आहे: पाव कॉर्डच्या थोड्या मागून शेवटपर्यंत त्याचा तळ सपाट असतो. बांधकामाच्या पाटावर आराखडा पसरून त्यावर रिब उभ्या करता येतात आणि पंख पिळवटत नाही. जाडी ११.७ टक्के, त्यामुळे स्पारला भरपूर खोली मिळते.

उलटसुलट कसरती करायच्या असतील तर नॅका ००१२ सारखा सममित एअरफॉइल घ्या (नॅका ही अमेरिकेची जुनी वैमानिकी संशोधन संस्था). नॅकाच्या चार आकड्यांचा अर्थ सोपा आहे. २४१२ मध्ये पहिला २ म्हणजे बाक कॉर्डच्या २ टक्के, दुसरा ४ म्हणजे तो बाक ४० टक्क्यांवर सर्वाधिक, आणि शेवटचे १२ म्हणजे जाडी १२ टक्के. वेगवान ग्लायडरला एसडी ७०३७ सारखे ९.२ टक्के जाडीचे पातळ आकार चांगले. फोमबोर्डाच्या मॉडेलला क्लाइन-फोगलमन पद्धतीची पायरी पुरते: खालच्या शीटवर पुढच्या अर्ध्या कॉर्डपर्यंत दुसरी शीट चिकटवायची, झाला पंख.

पायरी ७: आकड्यांवरून रिब काढणं

एअरफॉइलची मापं टक्क्यांत दिलेली असतात. तुमच्या कॉर्डने गुणून १०० ने भागलं की मिलिमीटर मिळतात. क्लार्क वायसाठी २०० मिलिमीटर कॉर्डला हे असं होतं. पहिला स्तंभ लीडिंग एजपासूनचं अंतर टक्क्यांत, दुसरा तेच मिलिमीटरमध्ये, पुढचे दोन सपाट तळाच्या रेषेपासून वरच्या आणि खालच्या कडेची उंची मिलिमीटरमध्ये.

| टक्के | अंतर | वर | खाली |
|---|---|---|---|
| ० | ० | ७.० | ७.० |
| १.२५ | २.५ | १०.९ | ३.९ |
| २.५ | ५ | १३.० | २.९ |
| ५ | १० | १५.८ | १.९ |
| ७.५ | १५ | १७.७ | १.३ |
| १० | २० | १९.२ | ०.८ |
| १५ | ३० | २१.४ | ०.३ |
| २० | ४० | २२.७ | ०.१ |
| ३० | ६० | २३.४ | ० |
| ४० | ८० | २२.८ | ० |
| ५० | १०० | २१.० | ० |
| ६० | १२० | १८.३ | ० |
| ७० | १४० | १४.७ | ० |
| ८० | १६० | १०.४ | ० |
| ९० | १८० | ५.६ | ० |
| ९५ | १९० | ३.० | ० |
| १०० | २०० | ०.२ | ० |

दुसऱ्या कॉर्डसाठी हे मिलिमीटर कॉर्ड ÷ २०० ने गुणा. आलेख कागदावर २०० मिलिमीटरची आधाररेषा काढा, प्रत्येक अंतरावर बारीक उभी रेघ मारा आणि टोकदार पेन्सिलीने बिंदू टाका. मग लवचीक पातळ पट्टी बिंदूंवरून वाकवून रेषा ओढा. पट्टी एखाद्या बिंदूवर बसत नसेल तर तो बिंदू चुकला आहे. आकडा परत तपासा, पट्टीला जबरदस्तीने वाकवू नका.

आता काटेकोरपणाचा प्रश्न. पुढच्या १० टक्क्यांत, म्हणजे आपल्या रिबच्या पहिल्या २० मिलिमीटरमध्ये, जितकी मेहनत घ्याल तितकी कमीच. हवा कशी फुटून वर चढते आणि पंख कधी स्टॉल होतो हे तिथली गोलाई ठरवते. नाक टोकदार झालं तर स्टॉल झटकन येतो. म्हणूनच तक्त्यात पुढचे बिंदू जवळजवळ आहेत. मागच्या अर्ध्या भागात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही. शेवटची ०.२ मिलिमीटर जाडी तर लाकडात येणारच नाही. तिथे दीड मिलिमीटर ठेवा आणि ७० टक्क्यांपासून मागे वरची रेषा हलकेच उचलून त्याला मिळवा.

नॅकाचा आकार सूत्रातून काढता येतो. १२ टक्के जाडीच्या पंखाची अर्धी जाडी २० टक्क्यांवर ५.७४ टक्के असते आणि २४१२ च्या बाकरेषेची, म्हणजे वरच्या-खालच्या कडांच्या मधोमध जाणाऱ्या रेषेची, उंची तिथे १.५ टक्के. बेरीज-वजाबाकी करा: वर ७.२४, खाली ४.२४ टक्के. २०० मिलिमीटर कॉर्डला, लीडिंग एज ते ट्रेलिंग एज या सरळ रेषेच्या वर १४.५ आणि खाली ८.५ मिलिमीटर. शास्त्रशुद्ध पद्धतीत ही जाडी बाकरेषेला काटकोनात मोजतात, पण इतक्या कमी बाकाला ती दुरुस्ती केसाएवढीच येते.

इंटरनेटवरून आकड्यांची डॅट फाइल घेणार असाल, उदाहरणार्थ इलिनॉय विद्यापीठाच्या मोठ्या संग्रहातून, तर दोन गोष्टी बघा. बऱ्याच फाइलींत आकडे मागच्या कडेपासून, म्हणजे १ पासून सुरू होतात, वरच्या बाजूने ० पर्यंत येतात आणि खालून परत १ ला जातात. काहींत वरची आणि खालची बाजू वेगळी असते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. क्लार्क वायची आधाररेषा काही ठिकाणी सपाट तळ असते, तर काही ठिकाणी लीडिंग एजपासून ट्रेलिंग एजपर्यंतची सरळ रेषा. दोन्हींत सुमारे २ अंशांचा फरक आहे, कारण २०० मिलिमीटरमागे नाक ७ मिलिमीटर वर असतं. "पंख ० अंशावर बसवा" असं आराखड्यात लिहिलं असेल तर ते कुठल्या रेषेवरून, हे आधी शोधा.

पायरी ८: कापण्याआधीची वजाबाकी

काढलेली रेषा ही पंखाची बाहेरची कड आहे, रिबची नाही. वरून दीड मिलिमीटरची बाल्सा शीट चढणार असेल तर रिब तेवढी आत कापावी लागते. कंपासमध्ये दीड मिलिमीटर धरून कडेला समांतर रेषा मारा. नाकापाशी नुसती उंची कमी करून चालत नाही, कारण तिथे कड जवळजवळ उभी असते. स्पारची खाच ३० टक्क्यांवर, म्हणजे ६० मिलिमीटरवर घ्या. तिथे पंख सर्वांत जाड आहे आणि शीट नसेल तर स्पारला २३ मिलिमीटर उंची मिळते. रिबमधलं अंतर ६० ते ७० मिलिमीटर ठेवा. दोन रिबमध्ये पंखावर ताणलेली प्लॅस्टिकची फिल्म खाली बसते आणि एअरफॉइल बिघडतो, म्हणून फक्त पुढच्या भागाला मध्ये एकेक आखूड रिब देणं फायद्याचं.

निमुळत्या पंखात प्रत्येक रिब वेगळी. अर्ध्या पंखात १० गाळे पाडले की ११ रिब होतात आणि कॉर्ड दर रिबला ८ मिलिमीटरने घटते: २४०, २३२, २२४ असं करत १६०. सहावी रिब बरोबर २०० ची, म्हणजे वरचाच तक्ता. रूट आणि टिपचे साचे प्लायचे करा, मधल्या रिबसाठी बाल्साचे चौकोनी तुकडे त्यांच्यात बोल्टने आवळा आणि सँडिंग ब्लॉकने घासून एकाच वेळी सगळ्या उतरवा. अशा पंखाच्या टोकाला रेनॉल्ड्स संख्या कमी पडते आणि तिथे आधी स्टॉल येण्याची भीती असते. म्हणून टोकाची मागची कड २ अंश वर उचलतात. १६० मिलिमीटर कॉर्डला ती ५.६ मिलिमीटरची फट होते, आणि त्याच जाडीची पट्टी खाली सरकवून पंख चिकटवता येतो.

फोमचा पंख गरम तारेने कापणार असाल तर दोन्ही साच्यांवर टक्क्यांनुसार सारख्या संख्येच्या खुणा करा आणि दोन्हीकडे तार एकाच वेळी त्याच क्रमांकावर न्या. तार स्वतःभोवतीचा थोडा फोम वितळवते. आधी एका तुकड्यावर कापून किती जातो ते मोजा आणि साचा तेवढा मोठा ठेवा.

रिबचा कागद छापणार असाल तर त्यावर १०० मिलिमीटरची एक रेघ काढा आणि छापून आल्यावर पट्टीने मोजा. प्रिंटर पानात बसवायला चित्र गुपचूप लहान करतो. ९७ भरली तर २०० ची रिब १९४ ची झाली आहे.

बांधून झाल्यावर

तयार पंखाचा स्पॅन आणि दोन्ही बाजूंची कॉर्ड मोजा. क्षेत्रफळ २५ ऐवजी २४.६ आलं तर विमानाला ते जाणवणार नाही. डावी-उजवी बाजू सारखी नसली तर मात्र जाणवेल. पंख मधोमध आधार देऊन तोला आणि तो समतोल होईल एवढाच शिशाचा तुकडा हलक्या टोकाला लावा. पंख मागून डोळ्यांच्या रेषेत धरून बघा. पिळवटलेला असेल तर फिल्मला गरम हवा देऊन सरळ करा आणि थंड होईपर्यंत उलट्या दिशेने हलका पीळ धरून ठेवा.

मग पूर्ण विमान बॅटरीसकट काट्यावर ठेवा. समजा ८७० ग्रॅम भरलं. लोडिंग ३४.८, स्टॉलचा वेग १.२ × √३४.८, म्हणजे ७.१ मीटर प्रति सेकंद. उतरताना याच्या सव्वापट, साधारण ९ मीटर प्रति सेकंद, वेग राखायचा हे मनात पक्कं ठेवा. पंखाखाली ५० मिलिमीटरवर दोन्ही बाजूंना खूण करा, बोटांवर तोला आणि नाक किंचित खाली झुकेपर्यंत बॅटरी पुढे सरकवा. उड्डाणात नाक जड वाटलं तर बॅटरी दर खेपेला अशी हलवा की गुरुत्वमध्य २ मिलिमीटरपेक्षा जास्त मागे जाणार नाही, आणि ६० मिलिमीटरच्या मागे तो नेऊ नका.